दिव्यातले दव

पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारींचे पुढचे दिवे थोडे थांबून पाहावेत. एखाद्या गाडीच्या दिव्याची काच धुरकटलेली दिसते. बोटाने पुसायला जावे तर ती पुसली जात नाही, कारण धुके बाहेरून नसते, आतून असते. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांवरही हे दिसते आणि मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही. मग प्रश्न येतो : दिवा तर चहूबाजूंनी बंद आहे, पाणी आत गेले कोठून?

‘कुठूनतरी गळत असेल’ हे उत्तर चटकन तोंडावर येते. कधीकधी ते बरोबरही असते. पण बहुतेक वेळा प्रश्नातले गृहीतकच चुकलेले असते. आजच्या मोटारींचे हेडलाइट चहूबाजूंनी बंद नसतातच. ते मुद्दाम थोडे उघडे ठेवलेले असतात. एके काळी मात्र हे दिवे खरोखरच पूर्ण बंद होते. अमेरिकेत तर तब्बल ४३ वर्षे नव्या मोटारीला दुसरा कोणता दिवा लावायची परवानगी नव्हती. त्या दिव्यांत दव पडत नसे. मग तो दिवा गेला का, आणि त्याच्याबरोबर गेलेले दव परत का आले? ही हकीगत सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात आठवी-नववीच्या पुस्तकातला बाष्पाचा जवळजवळ सगळा धडा येऊन जातो.

सुरुवात मोटारींच्याही आधीपासून करू. फ्रान्समधील माँपेलिए गावी शार्ल ल रॉय नावाचा वैद्य होता. १७५१ साली त्याने दमट हवा काचेच्या भांड्यात कोंडून त्याचे तोंड घट्ट बंद केले आणि भांडे गार होऊ दिले. एका ठरावीक तापमानाला काचेच्या आतल्या बाजूवर दव दिसू लागले. भांडे पुन्हा कोमट झाले तसे ते नाहीसे झाले. बाहेरून पाण्याचा थेंबही आत गेलेला नव्हता, आतलाही बाहेर आलेला नव्हता. या तापमानाला आज आपण दवबिंदू म्हणतो. धुरकटलेल्या हेडलाइटचे कोडे तेव्हाच, म्हणजे मोटार जन्माला येण्याच्या सव्वाशे वर्षे आधी, निम्मे सुटले होते.

ल रॉयला वाटे की पाण्यात मीठ विरघळते तसे हवेत पाणी विरघळते. ही कल्पना पुढे १८०१ च्या सुमारास जॉन डाल्टनने मोडून काढली. बाष्प हवेच्या आधाराने राहत नाही, ते आपल्या जागी स्वतंत्रपणे राहते. एखाद्या जागेत किती बाष्प मावणार हे तापमानावर ठरते, तिथे हवा आहे की नाही यावर नाही. ‘गरम हवा जास्त पाणी धरून ठेवते’ हे वाक्य आपण वर्गात सर्रास वापरतो. ते काम भागवते, पण डाल्टनने ऐकले असते तर त्याने भुवया उंचावल्या असत्या.

आकडेच पाहू. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांना सव्वानऊ-साडेनऊ ग्रॅम. आता एका मोठ्या हेडलाइटच्या आतली पोकळी सोयीसाठी १० लिटर धरू. त्यात ३० अंशांची संपृक्त हवा असेल तर एकूण बाष्प ०.३० ग्रॅम. दिवा २० अंशांपर्यंत गार झाला तर ०.१७ ग्रॅम बाष्परूपात उरेल आणि ०.१३ ग्रॅमचे पाणी होईल. म्हणजे औषधाच्या ड्रॉपरचे दोन-तीन थेंब! काच झाकोळून टाकायला एवढे पुरते. ते थेंब सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर काचेवर पसरले तर त्यांची सरासरी जाडी दोन मायक्रॉनच्या आसपास भरते. पण ते सलग पापुद्र्यासारखे पसरत नाहीत, लक्षावधी बारीक गोलाकार बिंदू होऊन बसतात. यातला प्रत्येक बिंदू म्हणजे एक इवलेसे भिंग असते.

गैरसोय होते ती यामुळे. हेडलाइटचा ‘डिपर’ एका आडव्या रेषेखालीच प्रकाश टाकेल अशी त्याची रचना असते. म्हणजे रस्ता दिसावा आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. काचेवरच्या या भिंगांना ती रेषा ठाऊक नसते. ती प्रकाश वाटेल तिकडे फेकतात. रस्त्यावर पोचायचा प्रकाश कमी होतो आणि त्यातला काही समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. नुकसान दोन्हीकडून होते. घाटातल्या अंधाऱ्या वळणावर ही किरकोळ बाब राहत नाही.

पाणी हवेच होते तेव्हा

गंमत अशी की पहिल्या चांगल्या मोटार-दिव्यांना पाणी शत्रू नव्हते, ते त्यांचे इंधनच होते. १८९२ साली कॅनडाचा थॉमस विल्सन अमेरिकेत विजेच्या भट्टीवर प्रयोग करत होता. त्याला हवा होता कॅल्शियम धातू. चुना आणि डांबर तापवून हाती आले ते कॅल्शियम कार्बाइड. केळी आणि आंबे झटपट पिकवायला चोरून वापरतात आणि ज्याला बंदी आहे, तोच हा कार्बाइड. त्यावर पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो आणि विरलेला चुना मागे उरतो. वायूची ज्योत पांढरीशुभ्र, रॉकेलच्या दिव्यापेक्षा कितीतरी प्रखर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीच्या पायरीवर पितळेचा एक डबा असे. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात कार्बाइडचे खडे. पाण्याचे थेंब मोजून खाली सोडायचे आणि तयार झालेला वायू रबरी नळीने पुढच्या दिव्यांत न्यायचा.

या दिव्याला मोठी भोके असत. वरून धूर आणि उष्णता बाहेर जाई, खालून हवा आत येई. आत ज्योत जळत असताना काचेवर दव टिकणार कसे? त्रास निराळाच होता. वायूबरोबर येणारी वाफ नळीत गार होई, पाणी साचून ज्योत फडफडे. शिवाय थंड देशांत डब्यातले पाणीच गोठे. १९०४ साली इंडियानापोलिसमध्ये सुरू झालेल्या प्रेस्ट-ओ-लाइटच्या धंद्याने यावर तोड काढली आणि अ‍ॅसिटिलीन टाकीत भरून विकायला सुरुवात केली. पण तोवर वीज दाराशी आली होती. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने बनवलेली विद्युतव्यवस्था होती. इंजिन सुरू करणे, ठिणगी देणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे ती करी. काही वर्षांतच विजेचे दिवे सर्रास झाले.

विजेच्या बल्बला हवा लागत नाही. त्यामुळे दिव्याची भोके बुजवता येतील असे वाटले, आणि बुजवलीही गेली. पण अर्धवट. पुढे काच, मागे पितळेचा अन्वस्ताकार परावर्तक, त्यावर चांदीचा मुलामा आणि काच व धातू यांच्यामध्ये बुचाची किंवा नमद्याची चकती. ही चकती धूळ थोडीफार अडवी. हवा मात्र अडवत नसे, आणि हवेबरोबर येणारे बाष्पही.

दिवा श्वास घेतो

आता या अर्धवट बंद दिव्यात काय घडते ते पाहू, कारण पुढचा सगळा इतिहास इथे अडकलेला आहे. दिवा लावला, आतली हवा २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेली असे धरू. केल्व्हिनमध्ये ३०० वरून ३३०. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे हवेचे आकारमान एक दशांशाने वाढते. १० लिटरच्या दिव्यातून सुमारे एक लिटर हवा फटीतून बाहेर जाते. दिवा विझवला की तो गार होतो आणि जवळजवळ तेवढीच हवा आत ओढली जाते. रात्रीची, दमट, आणि रस्त्यावरची धूळ घेतलेली. म्हणजे दिवा रोज एक उच्छ्वास टाकतो आणि एक श्वास घेतो. तो गार होत असताना बाहेर पाऊस पडत असेल, तर फटीजवळचे पाणीदेखील शोषले जाते.

चांदीला हे मानवत नसे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते हे घरातल्या चांदीच्या भांड्यांवरून आपण जाणतो. ओल असेल तर ती लवकर काळवंडते. मग मालक काच उघडून परावर्तक घासत. घासताना ओरखडे पडत, बल्ब आपल्या नेमक्या जागेवरून हले. अन्वस्ताच्या नाभीपासून बल्बची तार दोन-तीन मिलिमीटर जरी सरकली तरी झोत कुठल्याकुठे जातो. गाडी नवी असताना मिळणारा प्रकाश काही वर्षांनी निम्माही राहत नसे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रस्त्यांवर गाड्यांची संख्या आणि वेग दोन्ही वाढलेले होते. मंद आणि वेडेवाकडे दिवे ही तेव्हा जिवाशी गाठ असलेली गोष्ट होती.

उपाय दोन अंगांनी आला. एक म्हणजे निर्वात जागेत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून काचेवर तिचा पातळ थर बसवण्याचे तंत्र. दुर्बिणींचे आरसे याच काळात चांदीऐवजी असे बनू लागले होते. दुसरे म्हणजे तापमानाच्या धक्क्याने न तडकणारी बोरोसिलिकेट काच. प्रयोगशाळेतले चंचुपात्र आपण ज्या काचेचे वापरतो तीच. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या क्लीव्हलँड येथील तंत्रज्ञांनी या दोहोंची सांगड घातली. त्यांनी दिव्यात बल्ब बसवण्याऐवजी सबंध दिव्याचाच बल्ब केला. मागचा परावर्तक काचेचा, त्यावर आतून अ‍ॅल्युमिनियम, पुढची काचही तशीच, आणि दोन्ही कडा ज्योतीवर वितळवून एकजीव केलेल्या. आत तार आणि निष्क्रिय वायू. हवाच नाही, तर दव कसले?

हा ‘सील्ड बीम’ दिवा १९३९ मध्ये, म्हणजे १९४० च्या गाड्यांबरोबर, बाजारात आला. मोटार कारखानदार, दिवे बनवणारे आणि राज्याराज्यांचे वाहन अधिकारी यांनी मिळून ठरवले की यापुढे सर्व गाड्यांना ७ इंच व्यासाचे दोन गोल सीलबंद दिवे लागतील. कोणत्याही कंपनीची गाडी असो, दिवा तोच. तार तुटली की दिवा टाकायचा आणि नवा बसवायचा. त्याबरोबर नवी काच आणि नवा परावर्तक आपोआप मिळायचा. आमच्या मते सामान्य माणसाच्या सोयीचा इतका विचार करणारा मोटारीचा सुटा भाग दुसरा सापडणे अवघड आहे. आडगावच्या दुकानातही तो मिळे आणि घरच्या पेचकसाने बसे.

इथे एक हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. बंद जागेतला वायू ३०० केल्व्हिनवरून ३३० वर गेला तर आकारमान वाढू शकत नाही, म्हणून दाब एक दशांशाने वाढतो. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम-भार. त्याचा दहावा भाग ०.१. सात इंची गोल काचेचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे काचेवर २५ किलो भार येतो. जाड, फुगीर काच तो सहज पेलते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

कायद्यात गोठलेला दिवा

चांगल्या गोष्टीचा नियम झाला की ती गोष्ट तिथेच थांबते, असे कधी कधी होते. युरोपात सीलबंद दिव्याची सक्ती झाली नाही. तिथे काच-परावर्तक वेगळे, मागून बदलता येणारा बल्ब आणि रबरी टोपण अशी रचना चालू राहिली. त्यामुळे बल्ब सुधारत गेला. १९६२ साली तिथे हॅलोजन बल्बचा हेडलाइट आला आणि प्रकाश एकदम वाढला. अमेरिकेतला दिवा गोलाचा आयताकृती झाला, दोनाचे चार झाले, पण राहिला सीलबंदच. १९६८ पासून केंद्र सरकारच्या सुरक्षा नियमांनी दिव्यांसमोर वेगळी काच लावायलाही मनाई केली. ब्रिटनच्या जॅग्वार ई-टाइप या देखण्या गाडीच्या दिव्यांवरची काचेची झाकणे त्याच सुमारास गेली. काही कारखानदारांनी दिवे बॉनेटमध्ये लपवले आणि रात्री पापणी उघडावी तसे ते वर यावेत अशी योजना केली. पोरांना या गाड्यांचे फार कौतुक. पण ती पापणी म्हणजे नियमातून काढलेली पळवाटच होती.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडीचे नाक निमुळते करणे भाग पडले. सपाट, उभ्या दिव्याला वारा अडतो. १९८१ साली फोर्ड कंपनीने सरकारकडे अर्ज केला आणि १९८३ मध्ये नियम बदलला. १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन ही बदलत्या बल्बचे दिवे असलेली, चार दशकांनंतरची पहिली अमेरिकी गाडी. तिच्या दिव्याची काच ही काच नव्हतीच. ते होते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक. हलके, पारदर्शक, हवा तसा आकार घेणारे, दगड लागला तरी न फुटणारे. आपण सवयीने त्याला अजून ‘काच’ म्हणतो, आणि या लेखातही तसेच म्हणणार आहोत. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ साली दोघांनी स्वतंत्रपणे लावला होता. जर्मनीत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी. फॉक्स नोकरीला होते जनरल इलेक्ट्रिकमध्येच! ज्या कंपनीने काच वितळवून दिवा बंद केला, तिच्याच प्रयोगशाळेतल्या पदार्थाने तो पुन्हा उघडला.

उघडला असे म्हणायचे कारण दुहेरी आहे. आता तो हिशेब पुन्हा करू. नव्या दिव्याची काच गाडीच्या कोपऱ्याला वळसा घालून जाते. तिचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर तोच ०.१ चा दाब एकूण ६० किलोंचा होतो. एखादा माणूस काचेवर आतून उभा राहावा तसा. दिवा गार झाला की भार उलट दिशेने. रोज दोन वेळा हे झाले तर प्लास्टिकचे सांधे आणि त्यातला चिकट पदार्थ किती दिवस टिकेल? शिवाय प्लास्टिक काचेसारखे अभेद्य नसते. पॉलिकार्बोनेट अल्प प्रमाणात का होईना पाणी शोषते, आणि बाष्पाचे रेणू त्यातून हळूहळू आरपार जातात. म्हणजे असा दिवा कितीही घट्ट बंद केला तरी काही काळाने आत बाष्प असणारच, आणि एकदा आत आले की त्याला बाहेर पडायला वाट नसणार. पूर्ण बंद करता येत नसेल तर अर्धवट बंद करणे सर्वांत वाईट. चांदीच्या परावर्तकांनी हे १९३० सालीच शिकवले होते.

म्हणून अभियंत्यांनी दिव्याला नाक दिले. मागच्या बाजूला दोन किंवा अधिक छिद्रे, त्यांवर कोपरासारखी वाकवलेली रबरी नळी, तोंड खाली. उडालेले पाणी सरळ आत जाऊ नये आणि हवा मात्र खेळावी. पुढे छिद्रांवर बारीक पडदा आला. तो टेफ्लॉनचा. टेफ्लॉन सापडले १९३८ साली, पण त्याचा असा पडदा व्हायला १९६९ उजाडले. रॉबर्ट गोर टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणून पाहत होते, ती दर वेळी तुटे. वैतागून त्यांनी एकदम हिसका दिला, तर ती न तुटता कितीतरी पट लांब झाली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. ही छिद्रे साधारण मायक्रॉनभर किंवा त्याहूनही लहान. अळवाच्या पानावर पाणी जसे थेंब होऊन राहते, पसरत नाही, तसेच या पडद्यावर होते. पृष्ठताणामुळे थेंबाला छिद्रात शिरता येत नाही. बाष्पाचे सुटे रेणू मात्र खुशाल ये-जा करतात.

दिवा असा श्वास घेऊ लागल्यावर दव पडणार हे ओघानेच आले. जुन्या काचेवर उभ्या-आडव्या खाचा असत, त्यामुळे थोडे दव असले तरी डोळ्यांना दिसत नसे. १९९० च्या दशकात खाचांचे काम परावर्तकाकडे गेले, काच आरशासारखी स्वच्छ झाली आणि आतले धुके उघडे पडले. दवाचे प्रमाण किती वाढले हे सांगणे कठीण आहे. तक्रारी मात्र वाढल्या.

पाझर की घाम

आता व्यवहाराचे बोलू. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो आणि माठ बाहेरून ओला होतो. दोन्हीकडे पाणीच दिसते, पण तांब्याचे पाणी हवेतून येते आणि माठाचे पाझरून. हेडलाइटमध्येही हीच पारख करायची. पावसात किंवा गाडी धुतल्यावर काचेच्या एका कोपऱ्यात पातळ धुके आले, दिवे लावून गाडी थोडा वेळ चालवली आणि ते विरून गेले, तर तो घाम. कंपन्यांच्या पुस्तिकांमध्येही हे नेहमीचेच म्हटलेले असते. ओघळणारे थेंब, तळाशी साचलेले पाणी, दिवसेंदिवस न हटणारे धुके असेल, तर तो पाझर. आपला वरचा हिशेब इथे कामी येतो. दिव्याच्या आतल्या हवेत फार तर काही दशांश ग्रॅम बाष्प असते. तळाशी चमचाभर पाणी दिसत असेल, तर ते निव्वळ एका रात्रीच्या दवाचे असणे शक्य नाही.

पाझराची कारणे ठरलेली. बल्ब बदलल्यावर मागचे रबरी टोपण नीट न बसणे हे पहिले. कडेचा चिकट सांधा सुटणे किंवा धक्क्याने बारीक तडा जाणे ही दुसरी. आणि एक कारण आपणच निर्माण करतो. पाणी दिसले की कोणीतरी सिलिकॉनची ट्यूब घेऊन दिसेल ते भोक बुजवतो. त्यात श्वासनलिकाही बुजते. मग आतले बाष्प आतच राहते आणि गार होताना पडणाऱ्या ओढीने हवा सांध्यांतून घुसू लागते. फरशी पुलावरून वाहत्या पाण्यात गाडी घातली, तर ही ओढ विशेष दिसते. तासभर पेटलेला दिवा पाण्यात क्षणात गार होतो, आतला दाब घटतो, आणि जवळ हवेऐवजी पाणी असेल तर पाणीच आत येते. याउलट काही जण काचेच्या तळाशी छिद्र पाडतात. पाणी निघून जाते खरे, पण तिथे पडदा नसल्याने धूळ आणि चिखलाला कायमची वाट होते. त्यापेक्षा मागचे टोपण काढून कोरड्या दिवशी दिवा उन्हात ठेवावा, आत मंद कोमट हवा सोडावी, नळ्यांमध्ये माती किंवा कोळ्याचे जाळे आहे का पाहावे. सिलिका जेलची पुडी आत ठेवण्याचा सल्लाही दिला जातो. श्वास घेणाऱ्या दिव्यात ती पुडी रोजच्या हवेतले बाष्प शोषून काही दिवसांत तृप्त होते. नंतर तिचा काही उपयोग नाही.

गाडी कोठे उभी करता यालाही महत्त्व आहे. १८१४ साली लंडनच्या डॉ. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावर एक निबंध लिहिला. लोकरीचे वजन केलेले पुंजके ते रात्री बागेत ठेवत आणि सकाळी पुन्हा तोलत. मोकळ्या आकाशाखालच्या पुंजक्यांवर जास्त दव मिळे, फळीच्या आडोशाच्या पुंजक्यांवर कमी. त्यांनी दाखवले की निरभ्र रात्री वस्तू आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकतात, आसपासच्या हवेपेक्षाही गार होतात, आणि मगच त्यांच्यावर दव पडते. दिव्याच्या तिरप्या काचेचा बराच भाग आकाशाकडे असतो. उघड्यावर उभी गाडी आणि पडवीत उभी गाडी यांच्या दिव्यांत पहाटे फरक दिसतो तो यामुळे. हे निरीक्षण हिवाळ्यात शाळेत सहज करता येईल. दोन पारदर्शक बाटल्यांत ओल्या कापसाचा एकेक बोळा ठेवावा, एकीचे झाकण घट्ट लावावे, दुसरीच्या झाकणाला बारीक भोक पाडावे, आणि आठवडाभर दोन्ही दिवसा उन्हात व रात्री उघड्यावर ठेवाव्यात. घट्ट बाटलीत रोज पहाटे दव असेल. भोकाची बाटली हळूहळू कोरडी होत जाईल. घट्ट बाटलीतला बोळा काढून तीच बाटली दुपारच्या उन्हात तापवून झाकण लावली आणि सावलीत आणली, तर ती पिचकलेलीही दिसेल. ती ओढ मुलांनी हाताने अनुभवावी.

दव पडलेच तर ते दिसू नये, असाही एक मार्ग आहे. आरशावर साबणाचा हात फिरवला तर वाफेने तो धूसर होत नाही, हे दाढी करणाऱ्यांना ठाऊक असते. पाणी थेंब न होता सपाट पसरते, आणि सपाट पाण्यातून प्रकाश सरळ जातो. काही दिव्यांच्या काचेवर आतून असाच जलस्नेही लेप देतात.

बरे, हे सगळे चालून जात होते ते हॅलोजन बल्बच्या कृपेने. ५५-६० वॅटचा हा बल्ब प्रकाशापेक्षा उष्णताच अधिक देतो आणि ती उष्णता प्रकाशाबरोबर पुढे काचेवर पडते. काच तापते, दव उडते, गरम हवेबरोबर ते नळीतून निघून जाते. अपव्यय म्हणून ज्याला आपण नावे ठेवत आलो तोच काच पुसत होता. २००७-०८ पासून, लेक्सस आणि ऑडी यांच्या महागड्या गाड्यांपासून सुरुवात होऊन, एलईडीचे हेडलाइट आले. ते कमी विजेवर चालतात आणि त्यांची उष्णता पुढे न जाता मागे, चिपच्या पाठीशी असलेल्या धातूच्या पंख्यांसारख्या पात्यांत जाते. काच गारच राहते. त्यामुळे धुके विरायला जास्त वेळ लागतो, आणि बर्फाळ देशांत काचेवर साचलेले बर्फ वितळत नाही. पाझर झाला तर आता भिजतात ती इलेक्ट्रॉनिक मंडले, आणि काच-बैठक चिकटवलेली असल्याने सगळा दिवाच बदलावा लागतो. सीलबंद दिव्याचाही सगळा दिवाच बदलावा लागे, पण तो दुकानातून काढून देत आणि त्याच संध्याकाळी बसे. आजच्या दिव्याची किंमत ऐकून मालक प्रथम ‘वॉरंटीत बसते का’ हेच विचारतो, आणि मग पाझर की घाम हा वाद भौतिकशास्त्राचा न राहता पैशाचा होतो.

काही दिव्यांमध्ये आता मागच्या पात्यांवर छोटा पंखा बसवतात. चिप गार करताना गरम झालेली हवा तो दिव्याच्या आतूनच काचेकडे वळवतो.